संस्थेचे नाव संस्थेच्याच नावावर : सेवाभावी संस्थांसाठी ट्रेडमार्क नोंदणी

धर्मादाय आयुक्त कार्यालयात संस्था नोंदली की नावही आपलेच झाले, असा समज महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांमध्ये पक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात त्या नोंदणीने संस्था अस्तित्वात येते, तिला क्रमांक मिळतो आणि हिशेब कुठे द्यायचा ते ठरते. नावावरचा हक्क हा वेगळ्या कायद्याचा आणि वेगळ्या कार्यालयाचा विषय आहे. पुण्यात नोंदलेल्या ट्रस्टच्या नावाची दुसरी संस्था नागपुरात असू शकते, तिसरी कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली, म्हणजे ना-नफा कंपनी म्हणून, दिल्लीत असू शकते, आणि चौथ्याच कुणी तेच नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतःकडे नोंदवून घेतलेले असू शकते. धर्मादाय कार्यालय आणि ट्रेडमार्क रजिस्ट्री एकमेकांची रजिस्टरे ताडून बघत नाहीत.

देणगीदार गावातला, ओळखीचा होता तोवर याने फारसे बिघडत नव्हते. आता देणगी क्यूआर कोडवर येते, आणि पूर आला किंवा दुष्काळ पडला की खऱ्या संस्थेचे बोधचिन्ह उचलून बनावट पाने उघडायला तासभर पुरतो. ते पान बंद करायला सांगताना समोरचा प्लॅटफॉर्म पहिला प्रश्न विचारतो तो ट्रेडमार्क नोंदणी क्रमांकाचा.

‘आम्ही व्यापार करत नाही, मग ट्रेडमार्क कशाला?’ ही शंका रास्त आहे, पण ट्रेड मार्क्स अधिनियम १९९९ नफ्याबद्दल विचारतच नाही. एकाची वस्तू किंवा सेवा दुसऱ्यापासून वेगळी ओळखता येते का, एवढेच तो पाहतो. त्यातली सेवेची व्याख्या लोकांना उपलब्ध करून दिलेल्या कुठल्याही प्रकारच्या सेवेला लागू होते. वसतिगृह, रक्तपेढी, अभ्यासिका, कायदेविषयक सल्ला हे सगळे तिच्यात बसते, मोफत दिले तरी. नोंदणी नसताना नावाची नक्कल रोखण्यासाठी दावा लावता येतोच, कलम २७ ने तो मार्ग उघडा ठेवला आहे. मात्र मग आपली ख्याती, लोकांची झालेली दिशाभूल आणि त्यातून झालेले नुकसान हे सगळे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. नोंदणी असेल तर सुरुवातच वरच्या पायरीवरून होते.

आधी मालकी, मग बोधचिन्ह

सामाजिक संस्थांच्या ट्रेडमार्कमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक अर्जाच्या पहिल्याच रकान्यात होते, आणि तिचे मूळ फीच्या तक्त्यात आहे. ऑनलाइन अर्जाची फी वर्गागणिक (वस्तू आणि सेवांचे ठरवून दिलेले गट म्हणजे वर्ग, ते पुढे येतील) ९,००० रुपये आहे. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना मात्र ४,५०० रुपये पडतात. ट्रस्ट आणि सोसायटी सवलतीच्या यादीत नाहीत. मग कुणीतरी सुचवते, ‘अध्यक्षांच्या नावाने भरू, निम्म्यात होईल.’ साडेचार हजार वाचतात आणि संस्थेचे नाव एका माणसाच्या मालकीचे होते. तो माणूस पदावरून गेला, वारला किंवा भांडून वेगळा झाला की संस्था स्वतःचेच नाव वापरायला त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या परवानगीवर अवलंबून राहते. अशा विश्वस्ताला संस्थेने नाव वापरण्याबद्दल मोबदला दिला, तर संस्थेच्या उत्पन्नातून विश्वस्ताचा फायदा करून दिल्याचा प्रश्न उभा राहतो आणि आयकरातली सवलतही धोक्यात येते.

लघुउद्योगाची सवलत घेण्याचा मोहही जपून. उद्यम नोंदणीच्या अर्जात ट्रस्ट आणि सोसायटी हे प्रकार आहेत खरे, पण संस्था खरोखर उत्पादन किंवा सेवा-उद्योग चालवत असेल तरच तो दाखला काढावा. फक्त फी वाचवायला काढलेला कागद पुढे धर्मादाय उद्देशाच्या चौकशीत अंगावर येऊ शकतो.

अर्जदाराचे नाव कसे लिहायचे ते संस्थेच्या प्रकारावर ठरते. कलम ८ ची कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती, तिचे नाव जसे नोंदले तसे लिहायचे. ट्रस्टचे तसे नसते, तिथे मालमत्ता विश्वस्तांच्या हाती असते. म्हणून ट्रस्टच्या नावापुढे ‘तर्फे विश्वस्त’ असे लिहून विश्वस्तांची नावे द्यावीत. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालच्या बहुतेक सोसायट्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदलेल्या असतात, म्हणजे प्रमाणपत्रे दोन आणि कधी कधी नावाची लेखनेही दोन. त्यात पॅनकार्डावर इंग्रजीत तिसरेच स्पेलिंग. अर्जात पॅनवरचे लेखन घ्यावे आणि ते मराठी प्रमाणपत्राशी जुळत नसेल तर आधी पॅन दुरुस्त करून घ्यावे. ‘संस्था’ शब्द एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून विरोधी पक्षाचा वकील सुनावणीत बराच वेळ खाऊ शकतो.

परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, विश्वस्तांची नावे आजची आहेत का, हेही बघून घ्या. बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. कित्येक संस्थांचे असे अर्ज वर्षानुवर्षे पडून असतात आणि परिशिष्टावर दिवंगत विश्वस्तच चालू दिसतात. रजिस्ट्री इतक्या खोलात जात नाही. वाद कोर्टात गेला की मात्र ‘अर्जावर सही करणाऱ्याला अधिकारच नव्हता’ हा मुद्दा हमखास येतो.

ठराव घटनेतली गणसंख्या पाळून करावा आणि इतिवृत्तात घ्यावा. मजकूर साधारण असा असावा:

‘संस्थेचे नाव व बोधचिन्ह ही संस्थेची मालमत्ता आहे. त्यांची ट्रेडमार्क नोंदणी संस्थेच्या नावाने वर्ग ३६ व ४१ मध्ये करण्यात यावी. अर्ज, शपथपत्र व मुखत्यारपत्रावर सही करण्याचे आणि सुनावणीस हजर राहण्याचे अधिकार सचिवांना देण्यात येत आहेत. संस्थापक, विश्वस्त, सभासद वा कर्मचारी यांपैकी कोणाचाही सदर नावावर व बोधचिन्हावर वैयक्तिक हक्क राहणार नाही.’

शेवटच्या वाक्याला कुणी हरकत घेतली, तर ती चर्चा अर्ज भरण्याआधीच झालेली बरी.

बोधचिन्हाचा आणखी एक धागा सुटलेला असतो. चित्र ज्याने काढले त्याच्याकडे त्याचा कॉपीराइट असतो. मानधन न घेता, मैत्रीखातर काढून दिले असेल तर बहुधा त्याच्याकडेच राहतो. त्याच्याकडून सही केलेले हस्तांतरणपत्र घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरण फक्त ५ वर्षांचे धरले जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ हे शब्द कागदावर हवेत.

नाव टिकेल का?

‘ग्रामविकास बहुउद्देशीय सेवाभावी संस्था’ या नावात अडवून धरण्यासारखा एकही शब्द नाही. कामाचे वर्णन करणारे, गावाचे नाव सांगणारे किंवा सगळेच वापरतात असे शब्द ट्रेड मार्क्स अधिनियमाच्या कलम ९(१) मध्ये अडकतात. शिक्षण प्रसारक मंडळ, महिला विकास केंद्र, आरोग्य सेवा प्रतिष्ठान ही सगळी याच रांगेत. अशा नावाला दोन वाटा उरतात. एक, अर्जाच्या तारखेआधीच्या दीर्घ वापराने लोक या नावाने आपल्यालाच ओळखतात हे पुराव्याने दाखवायचे. दुसरी, नाव आणि बोधचिन्ह मिळून अर्ज करायचा. दुसरी वाट सोपी, पण मिळणारा हक्क त्या पूर्ण चित्रावर असतो, त्यातल्या ‘ग्रामविकास’ या सुट्या शब्दावर नाही. कलम १७ तसे स्पष्ट सांगते.

काही नावांना तर पुरावा देऊनही वाट नाही. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांची नावे व चित्रे आहेत, संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक आरोग्य संघटनेची नावे-चिन्हे आहेत, अशोकचक्र आहे, आणि सरकारचा आश्रय असल्याचा भास करणारी नावेही आहेत. धर्मादाय कार्यालयात तसे नाव पूर्वी नोंदले गेले असेल, तरी ट्रेडमार्क कलम ९(२)(ड) खाली अडतो. रक्तदान शिबिरे घेणाऱ्या आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्या संस्था पांढऱ्यावर लाल क्रॉस सर्रास छापतात. ते चिन्ह जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अधिनियम १९६० ने राखीव आहे, ट्रेडमार्क दूरच, साधा वापरही परवानगीशिवाय करता येत नाही.

‘कै. अमुक स्मृती प्रतिष्ठान’ असे नाव असेल आणि ती व्यक्ती जाऊन २० वर्षे झाली नसतील, तर कलम १४ खाली रजिस्ट्रार वारसांची लेखी संमती मागू शकतात. हयात व्यक्तीचे नाव असेल तर तिची स्वतःची. ही संमती अर्जासोबतच जोडून टाकावी. देवस्थाने आणि धार्मिक संस्थांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा लाल बाबू प्रियदर्शी खटल्यातला निकाल ध्यानात ठेवावा. ‘रामायण’ या नावावर अगरबत्तीसाठी कुणा एकाची मक्तेदारी न्यायालयाने नाकारली. ग्रंथाचे नाव एकट्याने उभे राहत नाही, त्याला वेगळे ओळखू येईल अशी ठळक जोड लागते. देवतेच्या नावालाही हीच अडचण येते.

उलट, कल्पकता दाखवली तर नावापलीकडेही संरक्षण मिळते. मदर तेरेसा यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने पांढऱ्या साडीच्या निळ्या काठांचा नमुना ट्रेडमार्क म्हणून नोंदवला आहे. २०१६ साली ती नोंदणी झाली. एका सेवाभावी संस्थेचा पोशाख देणग्या गोळा करायला भलत्यांनीच वापरू नये, हा विचार तिथे व्यवहारात उतरला.

शोध

शोध रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक शोधात होतो, तो मोफत असतो, मोबाइल किंवा ईमेलवर आलेला ओटीपी टाकून आत जावे लागते. शोध तीन प्रकारचा असतो: शब्द, उच्चार आणि चित्र. मराठी संस्था नेमक्या पहिल्याच प्रकारावर थांबतात आणि फसतात.

समजा नाव ‘ओंजळ’ आहे. रोमन लिपीत एकजण ते जे घालून लिहितो, दुसरा झेड घालून, तिसरा सुरुवातीला ए जोडतो. ‘ळ’ला तर रोमन लिपीत वेगळे अक्षरच नाही, त्यामुळे एल येतो. म्हणून उच्चाराचा शोध चालवायचा आणि प्रत्येक स्पेलिंग वेगळे घालून बघायचे. शब्दाच्या शोधात ‘सुरुवात अशी’ आणि ‘मध्ये कुठेही’ हे दोन्ही पर्याय वापरायचे. याच अर्थाचे हिंदी-संस्कृत जुळे नाव ‘अंजली’ही तपासायचे, कारण रजिस्ट्रीतले परीक्षक कानाला आणि अर्थाला सारखे वाटणारे दोन्ही पाहतात. चित्राचा शोध व्हिएन्ना वर्गीकरणाच्या, म्हणजे चित्रातल्या आकृत्यांना क्रमांक देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीच्या, आकड्यांनी होतो. हात, दिवा, रोपटे, सूर्य आणि उडणारा पक्षी ही सामाजिक संस्थांची आवडती चित्रे, आणि त्यामुळे तिथे गर्दी आहे.

सापडलेल्या प्रत्येक चिन्हाची सद्यःस्थिती बघा. ‘अबॅन्डन्ड’ (सोडून दिलेले) किंवा ‘रिमूव्ह्ड’ (काढून टाकलेले) असेल तर फारशी धास्ती नको. ‘ऑपोज्ड’ (विरोध झालेले) असेल तर कोण विरोध करतोय ते वाचा, तो उद्या तुमच्याही अर्जाला करेल.

वर्ग निवडणे

एकूण ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. ‘आमचे काम सगळेच’ म्हणून सहा वर्ग भरले तर फीच ५४,००० रुपये होते. शिवाय नोंदणीनंतर ५ वर्षे वापर झाला नाही तर कलम ४७ खाली त्यामुळे बाधित झालेला कुणीही ते चिन्ह त्या वर्गातून काढून टाकण्याची मागणी करू शकतो. मुख्य काम आणि देणगी असे दोन वर्ग बहुतेक संस्थांना पुरतात.

देणग्या आणि निधी उभारणे वर्ग ३६ मध्ये येते, बचतगटांना कर्ज देणेही तिथेच. शिक्षण, प्रशिक्षण, ग्रंथालय, क्रीडा, संमेलने ४१ मध्ये. दवाखाना, रक्तपेढी, समुपदेशनातला वैद्यकीय भाग, वृक्षलागवड आणि पशुवैद्यकीय सेवा ४४ मध्ये. कायदेविषयक मदत आणि व्यक्तीच्या गरजेपुरती सामाजिक सेवा ४५ मध्ये. फसवतात ते पुढचे: वृद्धाश्रम ४४ नव्हे, ४३. पाळणाघर ४१ नव्हे, तेही ४३. बेवारस जनावरांना ठेवून घेणेही ४३ मध्येच मोडते. रुग्णवाहिका ही वाहतूक, म्हणून ३९. कचऱ्यावर प्रक्रिया ४०. बंधारे बांधून देत असाल तर बांधकाम, ३७.

वस्तू विकत असाल तर ते वेगळे. दिवाळी अंक, पुस्तके, दिनदर्शिका १६ मध्ये. गोधडी २४ मध्ये, टी-शर्ट २५ मध्ये, लोणचे २९ मध्ये, पापड-मसाले ३० मध्ये, मेणबत्त्या आणि पणतीतल्या वाती ४ मध्ये. बचतगटांचा माल संस्थेच्या नावाखाली विकला जातो तिथे आधी ठरवा की चिन्ह कुणाचे. गट सुटे आणि माल त्यांचा, पण नाव महासंघाचे, अशी रचना असेल तर कलम ६१ पासून पुढे दिलेले सामूहिक चिन्ह जास्त योग्य. त्यासाठी नियमावलीचा मसुदा लागतो: कोण सभासद, कुठल्या अटींवर चिन्ह वापरायचे, मोडल्यास काय कारवाई.

अनेक वर्गांचा एकच अर्ज करता येतो, पण टाळावा. एका वर्गात हरकत आली की बाकीचेही अडून बसतात आणि फीत एक रुपयाही वाचत नाही.

अर्ज भरणे

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या संस्थांसाठी मुंबईची रजिस्ट्री. अर्जाचा नमुना टीएम-ए. ऑनलाइन भरायला वर्ग ३ चे (हा वर्ग ट्रेडमार्कचा नव्हे, प्रमाणपत्राचा) डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागते. ते ज्याला अधिकार दिला त्या पदाधिकाऱ्याचे काढावे. वकील किंवा ट्रेडमार्क एजंट नेमला तर मुखत्यारपत्र, प्रचलित मुद्रांक शुल्कासह.

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतो. मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ आणि रोमन लिप्यंतर अर्जातच द्यावे. चित्राची प्रतिमा ८ सेंटिमीटर गुणिले ८ सेंटिमीटरच्या आत, स्वच्छ, मागे सावली किंवा घोषवाक्य नसलेली. काळ्या-पांढऱ्यात भरलेले चिन्ह कलम १० नुसार सगळ्या रंगांना लागू धरले जाते, त्यामुळे रंगच तुमची ओळख नसेल तर काळे-पांढरेच भरा. ‘स्थापना १९८७’, नोंदणी क्रमांक आणि पत्ता चित्रातून काढून टाका. एकदा अर्ज गेला की चिन्हात मोठा बदल करता येत नाही, नव्याने भरावा लागतो.

पैसे एकाच अर्जापुरते असतील आणि नाव खरोखर वेगळे असेल, तर नुसता शब्द भरावा. बोधचिन्ह दर दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी ‘आधुनिक’ करतेच, शब्द टिकतो. देवनागरी आणि रोमन यांत निवड करायची तर पावतीवर आणि फलकावर जे आहे ते आधी. देणगीचे पान इंग्रजी नावाने चालत असेल तर रोमन हा पुढचा अर्ज.

सेवांचे वर्णन नेमके लिहा. ‘सर्व प्रकारची समाजसेवा’ असे लिहिले की परीक्षक खुलासा मागतो. ‘धर्मादाय निधी उभारणे, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती व आर्थिक साहाय्य देणे’ असे लिहिले की पुढे सरकते.

ईमेलचा रकाना किरकोळ वाटतो, पण तिथे सेवानिवृत्त खजिनदारांचा खासगी पत्ता गेला की हरकतीची नोटीस त्यांच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि इकडे अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. संस्थेचा कायमचा ईमेल द्या, आणि तो दोघांना उघडता आला पाहिजे.

वापराचा पुरावा

चिन्ह पूर्वीपासून वापरात असल्याचा दावा केला तर ट्रेड मार्क्स नियमांतल्या नियम २५ नुसार वापराचे शपथपत्र आणि कागद जोडावे लागतात. भारतात आधी वापरणाऱ्याला मोठे वजन आहे, नोंदणी दुसऱ्याची असली तरी कलम ३४ जुन्या वापराला संरक्षण देते. म्हणून ‘पुढे वापरणार’ या सोप्या पर्यायावर खूण करून जुन्या संस्थेने स्वतःचा इतिहास सोडून देऊ नये.

वापराची तारीख म्हणजे संस्थेच्या नोंदणीची तारीख नव्हे. ते नाव त्या कामासाठी पहिल्यांदा लोकांसमोर आले तो दिवस. १९९४ ला नोंदणी, पण पहिले शिबिर १९९६ ला, तर दावा १९९६ चा. प्रत्येक वर्गाची तारीख निराळी असू शकते.

कागदांत वजन असते ते तारीख आणि चिन्ह दोन्ही एकाच पानावर दिसणाऱ्या कागदाला. देणगी पावतीपुस्तकातली जुनी स्थळप्रत याबाबतीत सोन्यासारखी: वर छापील नाव-चिन्ह, खाली हाताने लिहिलेली तारीख, अनुक्रमांक आणि सही. देणगीदाराचे नाव-पत्ता झाकून तिची प्रत लावा. वार्षिक अहवाल, ऑडिट रिपोर्ट, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणे, शासनाची किंवा जिल्हा परिषदेची पत्रे हे त्यानंतर. तारीख नसलेले बॅनरचे फोटो दहा लावण्यापेक्षा दरवर्षीचा एकेक पक्का कागद लावणे चांगले. मराठी कागदांसोबत इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा, निदान चिन्ह, तारीख आणि विषय एवढ्या भागाचे तरी. वाद पेटला तर साक्षांकित भाषांतर लागतेच.

हरकत आणि उत्तर

अर्ज भरताच क्रमांक मिळतो. तेव्हापासून नावापुढे टीएम लिहायला हरकत नाही. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, नोंदणी नसताना तो वापरणे कलम १०७ खाली कारवाईस पात्र आहे. लेटरहेड छापणाऱ्याला हे बजावून सांगा, तो ‘छान दिसते’ म्हणून घालतो.

परीक्षण अहवाल आला की मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचे, त्याला फी नाही. कलम ११ ची हरकत म्हणजे आधीच्या सारख्या चिन्हांची यादी. प्रत्येकाचे वेगळे उत्तर द्या: हे चिन्ह सोडून दिलेले आहे, हे दागिन्यांचे आहे, याच्या आधीपासून आम्ही वापरतो, त्याची पावती अमुक पानावर. समोरची संस्था ओळखीची असेल तर तिचे संमतीपत्र आणा, कलम ११(४) त्याला वाव देते, आणि सामाजिक क्षेत्रात ते मिळतेही. कलम ९ च्या हरकतीला भावनिक उत्तर चालत नाही. ‘आम्ही निःस्वार्थ सेवा करतो’ हा कायद्यातला मुद्दा नाही. तिथे वर्षांचा पुरावा तरी हवा, किंवा शब्द त्या सेवेचे वर्णन करत नाही हे दाखवता यायला हवे.

उत्तर पटले नाही तर व्हिडिओवर सुनावणी लागते. गैरहजर राहू नका. अर्ज नाकारला गेला तर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. आधीचे अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाले.

मान्य झालेले चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये येते. ते दर सोमवारी निघते. प्रसिद्धीपासून ४ महिने कुणालाही विरोध करता येतो. विरोधाची नोटीस मिळाली की २ महिन्यांत प्रतिउत्तर दाखल करायचे, ऑनलाइन फी २,७०० रुपये. ही मुदत वाढत नाही, चुकली की अर्ज गेला. याच काळात ‘नोंदणीसाठी तातडीने पैसे भरा’ अशी सरकारी वाटणारी पत्रे येऊ शकतात, कारण तुमचा पत्ता आता जाहीर असतो. खरे काय ते फक्त रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून बघायचे.

विरोध आला नाही तर प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे, प्रमाणपत्राच्या तारखेपासून नव्हे.

नोंदणीनंतर

तालुक्यातल्या शाखा वेगळे ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या असतील तर प्रत्येकीशी नाव वापरण्याचा छोटा लेखी करार करा. त्यात चार गोष्टी असाव्यात: चिन्ह मूळ संस्थेचेच राहील, देणगी कुठल्या खात्यात घ्यायची, कामाची तपासणी मूळ संस्था करेल, आणि संबंध तुटल्यापासून अमुक दिवसांत फलक, पावतीपुस्तके व समाजमाध्यमांवरची पाने बंद होतील. शेवटच्या कलमात पासवर्ड सोपवण्याचा उल्लेख विसरू नका. संस्थेत फूट पडते तेव्हा भांडण फलकावरून कमी आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरून व फेसबुक पानावरून जास्त होते.

कुणी तुमच्या नावाने कंपनी काढली तर नोंदणीकृत चिन्हाच्या मालकाला कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली, त्या कंपनीच्या स्थापनेपासून ३ वर्षांच्या आत, नाव बदलायला लावण्यासाठी प्रादेशिक संचालकांकडे अर्ज करता येतो. डॉट इन किंवा डॉट ओआरजी डॉट इन पत्त्यावरून फसवणूक होत असेल तर त्याची स्वतंत्र लवाद व्यवस्था आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर सायबर पोलिसांकडे तक्रार समांतर चालू ठेवा. ट्रेडमार्कने पान बंद होते, पैसे परत येत नाहीत.

चिन्ह संस्थापकाच्या नावावर आधीच नोंदले गेले असेल तर ते हयात आणि राजी असतानाच हस्तांतरणपत्र करून टीएम-पी नमुन्याने संस्थेच्या नावावर घ्या. ऑनलाइन फी ९,००० रुपये आहे. हस्तांतरणपत्रात चिन्हासोबत ख्यातीही दिली असे लिहावे. पत्ता बदलला तरी टीएम-पी, तिथे फी ९०० रुपये.

नूतनीकरणाचा अर्ज, टीएम-आर, मुदत संपण्याआधी एक वर्षापासून भरता येतो, वर्गागणिक ९,००० रुपये. मुदत उलटल्यावर सहा महिन्यांपर्यंत ४,५०० रुपये जादा देऊन भरता येतो, त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत पुनर्स्थापनेची वेगळी फी. दहा वर्षांत कार्यकारी मंडळ दोनदा बदललेले असते, म्हणून ही तारीख सचिवांच्या डायरीत न ठेवता स्थावर मालमत्तेच्या रजिस्टरशेजारी, वार्षिक सभेच्या कायमच्या विषयपत्रिकेत घाला.

ही नोंदणी भारतापुरती आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये ‘मित्रमंडळ’ स्थापून तिथे देणग्या गोळा होत असतील, तर त्या मंडळालाही शाखेसारखाच करार लागू करा आणि तिथले चिन्ह मूळ संस्थेच्याच नावावर नोंदवा. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेत, म्हणजे एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत, आहे, त्यामुळे इथल्या अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारावर मुंबईतून परदेशी अर्ज करता येतो. पहिली ५ वर्षे तो इथल्या मूळ अर्जावर अवलंबून असतो. इथला पडला की तिथलाही पडतो, म्हणून इथली हरकत मिटेपर्यंत घाई करू नये. अपवाद एकच: भारतातल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केला तर तिथेही भारतातलीच तारीख मिळते, आणि नाव तिकडे कुणी उचलण्याची शक्यता दिसत असेल तर ही मुदत हातची घालवू नये.